बहात्तर तासांचा एकर

इसवी सन १०००च्या सुमारास इंग्लंडमध्ये एल्फ्रिक नावाचा एक साधू मठातल्या मुलांना लॅटिन शिकवत असे. मुलांच्या जिभेला भाषेचे वळण लागावे म्हणून त्याने एक संवाद लिहिला. गुरुजी एकेकाला विचारतात, तू काय काम करतोस. आणि मुले कोळी, मेंढपाळ, शिकारी, व्यापारी होऊन उत्तरे देतात. धंद्यांची ही विचारपूस सुरू होते ती नांगरणाऱ्या गड्यापासून. तो सांगतो की पहाटेच बैल हाकत रानात जावे लागते. थंडी कितीही कडक असो, धन्याच्या धाकाने घरात दडून बसायची सोय नाही. बैल जुंपायचे, फाळ बसवायचा आणि रोज पुरा एक एकर किंवा त्याहून जास्त नांगरायचा. सोबतीला पराणी घेतलेला एक पोरगा असतो. थंडीने आणि दिवसभर बैलांवर ओरडून त्याचा घसा बसला आहे. घरी आल्यावर गव्हाणीत वैरण टाकायची, पाणी पाजायचे, शेण भरायचे. गुरुजी म्हणतात, फारच कष्ट आहेत. गडी म्हणतो, आहेत, कारण मी मोकळा माणूस नाही.

मूळ संवाद लॅटिनमध्ये आहे. पुढे कोणीतरी त्याच्या ओळींवर जुन्या इंग्रजीत अर्थ लिहून ठेवले, आणि त्या अर्थांत आपला एकर भेटतो.

आपल्याकडे हा शब्द वाटणीच्या भांडणात, कर्जाच्या अर्जात, लग्नाच्या बोलणीत रोज येतो. एकर म्हटले की आपण क्षेत्र समजतो: ४० गुंठे, ४,८४० चौरस यार्ड, ४३,५६० चौरस फूट. एल्फ्रिकच्या गड्याला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्या तोंडी एकर म्हणजे जू मानेवर चढल्यापासून उतरेपर्यंत उरकायचे काम. माणसाचे आणि जनावराचे दिवसभराचे कष्ट या शब्दात होते, आणि ते त्यातून हळूहळू कसे निघून गेले हे मला मोजमापाच्या कुठल्याही कोष्टकापेक्षा महत्त्वाचे वाटते.

त्याहीआधी या शब्दाचा अर्थ नुसता ‘उघडे शेत’ असा होता. लॅटिनमधला एगर, ग्रीकमधला आग्रोस, जर्मनमधला आकर ही त्याची भावंडे. ऋग्वेदात मोकळे मैदान या अर्थाने अज्र असा शब्द येतो, तोही याच घरातला. भाषेचे अभ्यासक या सगळ्यांचे मूळ बहुधा ‘हाकणे’ या अर्थाच्या धातूत पाहतात. संस्कृतात अजति म्हणजे हाकतो. गुरे हाकून न्यायची ते रान, असा अर्थ लागतो. संस्कृतातल्या शब्दात नांगराची खूण नाही, युरोपातल्या भावंडांत ती आहे. म्हणजे वाटेत कुठेतरी चराऊ रानाचे शेत झाले. ओकच्या फळाला इंग्रजीत एकॉर्न म्हणतात, त्याचा उगमही इथलाच, रानातले फळ असा. ओकच्या नावाशी त्याची सांगड लोकांनी मागाहून घातली. लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डनजवळ लाँग एकर नावाचा रस्ता आहे, तो एका लांबट पट्टीवरून. दफनभूमीला ‘देवाचा एकर’ म्हणतात, तिथेही मोजणी अभिप्रेत नाही.

मोजणी शिरली ती नांगरामुळे, आणि तिचा हिशेब वाचायला मिळतो वॉल्टर ऑफ हेन्ली याच्या ग्रंथात. तेराव्या शतकातल्या या गृहस्थाने जमीनदारांच्या उपयोगासाठी तेव्हाच्या प्रतिष्ठितांच्या भाषेत, म्हणजे फ्रेंचमध्ये, शेतीच्या कारभारावर लिहिले. दिवसाला खरोखर किती नांगरट व्हायला हवी आणि गडी अंग चोरतात की काय, हा त्याच्या वाचकांचा नेहमीचा प्रश्न. त्याने उत्तर काठ्या आणि फेऱ्यांत दिले. पट्टी ४० काठ्या लांब आणि ४ काठ्या रुंद. काठी साडेसोळा फुटांची. एका टोकाला जाऊन परत आले की एक फेरी, म्हणजे नांगराची दोन तासे. अशा ३६ फेऱ्या केल्या की पट्टी संपते. बहात्तर तासे झाली आणि प्रत्येक तास २२० यार्डांचे, म्हणजे ९ मैल, आजच्या हिशेबाने साडेचौदा किलोमीटर. सकाळी निघून दुपारी तीनपर्यंत एवढी चाल न झेपणारा बैल किंवा घोडा मरतुकडाच म्हणायचा, असा त्याचा शेरा आहे.

हिशेब चोख आहे, पण त्यात बैलांची चाल आहे आणि माणसाची नाही. ओल्या चिकणमातीच्या तासातून, नांगराचा फाळ उसळू नये म्हणून रुमण्यावर भार टाकत तेच नऊ मैल गडीही चालत होता. पोरगा बाजूने चालत होता तो वेगळाच.

२२० यार्डांची ही लांबी म्हणजे फर्लांग. आपल्या आजोबांच्या पिढीत ‘स्टेशनपासून दोन फर्लांगांवर’ असे सहज म्हणत. शब्दाची फोड साधी आहे: फर् म्हणजे तास, लाँग म्हणजे लांब. एका तासाची लांबी. बैल दम खाण्याआधी जितके अंतर ओढतील तितके तास धरायचे, टोकाला थांबायचे, वळायचे. इंग्लंडच्या मधल्या भागात जमीन भारी, नांगर अवजड. १०८६मध्ये विल्यम राजाने गावोगावची मालमत्ता नोंदवून घेतली, ती डूम्सडे बुक म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यात नांगर मोजताना नांगरामागे आठ बैल धरले आहेत. प्रत्येक गरिबाकडे आठ बैल असतील हे शक्यच नव्हते. चार घरांचे बैल एकत्र येत, आणि जमिनीचा हिशेबही त्यावरून होई. आठ बैलांच्या नांगराला वर्षभर पुरेल ती जमीन म्हणजे एक नांगर, त्याचा आठवा हिस्सा म्हणजे एका बैलाच्या वाट्याची जमीन, साधारण १५ एकर. आपल्याकडेही काळ्या रानात सहा-आठ बैल जुंपायचा नांगर होता आणि त्यासाठी सावड केली जायची, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

आठ बैलांची रांग वळवणे ही मोठी कसरत. म्हणूनच पट्ट्या लांब ठेवल्या. जितकी लांब पट्टी तितकी वळणे कमी. टोक जवळ आले की पुढच्या जोड्या आधीच डावीकडे घ्यायला सुरुवात करावी लागे, त्यामुळे नांगराचे तास दोन्ही टोकांना वाकडे होई आणि सगळी पट्टी उलट्या एससारखी दिसे. नांगर माती एकाच अंगाला पालथी करत असल्याने वर्षानुवर्षे ती पट्टीच्या मध्याकडे चढत जाई, तिथे उंचवटा होई आणि दोन पट्ट्यांमध्ये चर. पुढे मध्य इंग्लंडमधल्या पुष्कळ शेतांची कुरणे झाली, गवत वाढले, पण ते उंचवटे आणि चर खाली तसेच राहिले. नॉर्दॅम्प्टनशर, लेस्टरशर, वॉरिकशरमध्ये हिवाळ्यात ऊन तिरपे पडले किंवा हलके बर्फ पडले की ते उठून दिसतात. एखाद्या कुरणातली ती लांब वाकडी ओळ पाहताना आठ बैल कुठे वळायला लागले ती नेमकी जागा बोटाने दाखवता येते. ज्या देशात राजांच्या कित्येक लढायांची ठिकाणे नक्की सांगता येत नाहीत त्या देशात अनाम गड्याचे आणि पोराचे हे वळण शाबूत आहे.

पुढची कथा कायद्याची, ती थोडक्यात सांगतो. पहिल्या एडवर्डच्या काळात जमीन मोजण्याबद्दल राजाज्ञा निघाली आणि ४० गुणिले ४ काठ्या हे एकराचे माप पक्के झाले. आता पट्टी आखूड असली तर रुंदी किती धरायची याची कोष्टके निघाली. इथे एकर आकारातून सुटला. लांब पट्टी असो, चौकोन असो, त्रिकोणी कोपरा असो, क्षेत्र भरले की एकर. तरी गावे आपली काठी सोडेनात. चेशरमध्ये काठी २४ फुटांची, म्हणून तिथला एकर १०,२४० चौरस यार्डांचा, दुपटीहून मोठा. आयर्लंडमध्ये काठी २१ फुटांची आणि एकर ७,८४० चौरस यार्डांचा. सगळ्या देशाला एक माप लागू करणारा कायदा १८२४चा.

मैलाची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. रोमन मैल ५,००० फुटांचा होता आणि तोच वारसा इंग्लंडमध्ये होता. १५९३मध्ये लंडनच्या आसपास नवी घरे बांधायला बंदी घालणारा कायदा झाला, त्यात शहरापासून इतके मैल असे म्हणताना मैल म्हणजे किती हे सांगणे भाग पडले. आठ फर्लांगांचा मैल धरावा तर ५,२८० फूट होतात. फर्लांग कमी करावा तर देशातल्या प्रत्येक शेताचे क्षेत्र बदलते, प्रत्येक खंड आणि खरेदीखत वादात जाते. तेव्हा फर्लांग तसाच ठेवून मैल वाढवण्यात आला. शेकडो वर्षांपूर्वीच्या बैलांच्या दमापुढे रोमन साम्राज्याच्या मापाला मागे सरावे लागले.

१६२०मध्ये लंडनच्या ग्रेशम कॉलेजातला खगोलशास्त्राचा प्राध्यापक एडमंड गंटर याने मोजणीसाठी साखळी सुचवली. लांबी ६६ फूट, म्हणजे चार काठ्या, आणि कड्या १००. दहा साखळ्यांचा फर्लांग, दहा चौरस साखळ्यांचा एकर. चार-चारच्या आणि चाळीसच्या जुन्या हिशेबावर त्याने दशांश बसवला, आणि एकराची ओबडधोबड रुंदी लोखंडात ओतली गेली. १७४४च्या क्रिकेटच्या नियमांत दोन्ही टोकांच्या स्टंपांमधले अंतर हेच आहे, २२ यार्ड. शिवाजी पार्कवर धाव घेणारा पोरगा जवळजवळ एका एकराची रुंदी पळत असतो.

साखळीमुळे मोजणी सोपी झाली, आणि सोपी झाली म्हणूनच तिचा वापर हवा तसा करता आला. संसदेच्या नोंदीप्रमाणे १६०४ ते १९१४ या काळात गावांची खुली शेते आणि सामाईक राने कुंपणबंद करणारे ५,२००हून अधिक कायदे झाले आणि त्यांत ६८ लाख एकर आले. आधी शेताला कुंपण नव्हते. प्रत्येकाच्या पट्ट्या गावभर विखुरलेल्या, कापणी झाली की सगळ्यांची गुरे सगळ्यांच्या रानात. आता मोजणीदार येऊन प्रत्येकाला एकत्र तुकडा आखून देई. ज्यांच्याकडे नुसता चराईचा किंवा सरपणाचा वहिवाटीचा हक्क होता त्यांच्या हाती फारसे काही पडत नसे. हेल्पस्टन गावच्या कवी जॉन क्लेअरने हे डोळ्यांनी पाहिले. त्याचा जन्म १७९३चा; त्याच्या गावासाठीचा कायदा १८०९चा. तो स्वतः शेतमजूर होता, कुंपणे घालण्याची कामेही त्याने केली, आणि जन्मभर त्या मोडलेल्या रानाबद्दल लिहीत राहिला. शेतीचे उत्पन्न या बदलाने वाढले असे सांगणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण उत्पन्न कोणाचे वाढले हा प्रश्न त्याच दमात विचारायला हवा, आणि क्लेअर तो विचारतो म्हणून तो मला जवळचा वाटतो.

साखळीची मोजणी कंपनी सरकारबरोबर दख्खनात आली. इथे जमीन मोजायची पद्धत तिच्या येण्याआधी किमान सतराशे वर्षे होती. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख आहे. त्यात भिक्षूंना २०० निवर्तने जमीन दिल्याची नोंद आहे. निवर्तन म्हणजे वळणे, परत फिरणे; नांगर टोकाला जाऊन वळतो त्याच्याशी हे माप जोडतात. काही वर्षांनी त्याच लेण्यात दुसरा लेख कोरला गेला: गाव ओस पडले आहे, शेत नांगरले जात नाही, तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरची १०० निवर्तने द्यावीत. दानाची जमीन कागदावर नव्हे, दगडावर कोरलेली होती. तरी नांगर फिरेना म्हटल्यावर राजाला आणि राजमातेला ती बदलून द्यावी लागली.

शिवकाळातल्या मोजणीबद्दल सभासद या बखरकाराने लिहून ठेवले आहे. काठी पाच हात पाच मुठींची, वीस काठ्या लांब-रुंद म्हणजे बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. इंग्लंडमध्ये एका कुटुंबाच्या निर्वाहाची जमीन ठरवणारे हाइड नावाचे जुने माप होते, तेही सर्वसाधारणपणे १२० एकरांचे. दोहोंत नाते आहे असे मी म्हणत नाही. हाताने काम करणारे लोक मोजायला लागले की वीस आणि एकशेवीसवर येतात, एवढेच त्यातून दिसते. कोकणात तर भातखाचर किती मोठे हे त्यात खंडीभर बी पडते की कुडवभर, यावर सांगत.

१८२०च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात मोजणी करून प्रत्येक शेताच्या निव्वळ उत्पन्नाचा बारीक हिशेब मांडला. सारा इतका बसला की रयत जमिनी सोडून गेली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने सुरुवात केली, १८३६मध्ये तिथे तीस वर्षांचा सारा ठरला, आणि मुंबई इलाख्याची पुढची जमाबंदी त्या धर्तीवर झाली. सर्व्हे नंबर किती मोठा असावा हे ठरवताना त्यांनी एक बैलजोडी जेवढी जमीन कसू शकेल तेवढी हा आधार धरला. हलक्या जमिनीत नंबर मोठा, भारीत लहान. साखळी गंटरच्या अर्धी, ३३ फुटांची, आणि तिचे भाग सोळा आणे. मोजणी खात्यात ती शंकू साखळी म्हणून ओळखली जाते. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. इंग्लंडमधला चाळीसचा आकडा आणि आपला सोळा आण्यांचा रुपया एकाच साखळीत बसवले गेले. सातबाऱ्यावर आता हेक्टर आणि आर लिहितात, पण आर गुंठ्याच्या इतका जवळ आहे की चावडीवर गुंठाच बोलला जातो. इंग्लंडमध्येही २०१०पासून जमीन नोंदणीच्या कायद्यातून एकर गेला, जाहिरातींतून गेला नाही.

एकर त्याच्या जुन्या व्यवहारासकट पाहायचा असेल तर नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्सटनला जावे लागते. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही तीन मोठी खुली शेते इथे उरली आहेत, कुंपणाशिवाय. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक, तिसरे पड. दरवर्षी पाळी फिरते. नांगर धरता येणार नाही अशा उताराच्या आणि ओढ्याकाठच्या जागा गवताला सोडलेल्या आहेत, त्यांना साइक म्हणतात, आणि त्यातल्या गवताचा लिलाव होतो. १६३५मध्ये मार्क पिअर्सने सर विल्यम कोर्टन या लंडनच्या व्यापाऱ्यासाठी गावाचा नकाशा काढला; तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. प्रत्येक पट्टी त्यात दाखवली आहे, आणि मोकळ्या जागी नांगरणारी, कापणी करणारी माणसे काढली आहेत. मालकाला आपली मालमत्ता पाहायची होती. चित्र काढणाऱ्याला मात्र त्या जागी राबणारी माणसेही दाखवावीशी वाटली.

कोणाचीही जमीन एका जागी नव्हती. आपल्याकडे भाऊ वाटणी करताना काळी आणि मुरमाड दोन्ही अंगे प्रत्येकाच्या वाट्याला यावीत म्हणून शेताचे उभे तुकडे करतात, तसाच न्याय. डीर्ड्री मक्लॉस्की या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी असे मांडले की विखुरलेल्या पट्ट्या हा एक प्रकारचा विमा होता. एका अंगाला पाणी साचले तरी दुसरीकडचे पीक हाती लागे. उत्पन्न थोडे कमी, पण उपासमारीची भीतीही कमी. मला हे पटते. १९४७च्या आपल्या तुकडेबंदी कायद्यामागे तुकडा म्हणजे निव्वळ तोटा असा समज आहे. तुकडे पाडणाऱ्यांच्या मनात काय होते ते त्यात पुरते आलेले नाही.

लॅक्सटनच्या पट्ट्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकत्र करून मोठ्या केल्या गेल्या आणि आता त्यांत ट्रॅक्टर चालतात. १९५२मध्ये सरकारच्या शेतीखात्याने गाव विकत घेतले, १९८१मध्ये ते राजगादीच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेले, आणि २०२०मध्ये ज्या थोर्सबी इस्टेटीकडून ते सरकारकडे आले होते तिच्याकडेच परत गेले. पण शेतांचे नियम गावचे न्यायमंडळच पाहते. १९७७मध्ये संसदेने अशा जुन्या मंडळांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्सटनच्या मंडळाचे राखले.

दर नोव्हेंबरच्या अखेरीस, म्हणजे आपली दिवाळी उरकल्यावर, गावचे पंच गहू पेरलेल्या शेताची पाहणी करतात. पट्ट्यांच्या हद्दींवर लाकडी खुंट्या ठोकतात. कोणी रस्त्यात किंवा साइकमध्ये नांगर घातला असेल तर ती जागा मोजतात आणि नाव लिहून घेतात. मग डव्हकोट इन या गावच्या खाणावळीत जेवण होते. आठवड्याभराने तिथेच मंडळ बसते. दंड सुनावले जातात, हजर न राहिलेल्यांकडून काही पेन्स घेतले जातात, भटक्या गुरांच्या कोंडवाड्याचा राखणदार नेमला जातो, आणि पुढल्या वर्षी ज्या शेतात गहू येणार त्या शेतासाठी नव्या पंचांना शपथ दिली जाते.